स्फटिकाची चिनी तपकीर-कुपी: कोरीव घ्यावी की आतून रंगवलेली?

चिंग राजवटीच्या काळातील (१६४४–१९१२) तपकिरीची कुपी, तीही स्फटिकाची, घ्यायची ठरली की निवड बहुधा दोन प्रकारांत येऊन थांबते: बाहेरून कोरलेली आणि आतल्या बाजूने चित्र रंगवलेली. दुसरी पाहताक्षणी मनात भरते. तरीही पहिलीच खरेदी असेल तर कोरीव कुपीकडे वळावे, असे माझे मत आहे.

कोरीव कुपीत कारागिराचा खरा कस बाहेरच्या नक्षीपेक्षा आतल्या पोकळीत लागतो. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा चढत्या क्रमाने दाखवणाऱ्या मोहसच्या काठिण्यश्रेणीत स्फटिक सातव्या क्रमांकावर असल्याने साध्या पोलादी हत्याराला तो दाद देत नाही. करंगळीही शिरणार नाही अशा तोंडातून वाकडी हत्यारे आणि ओली घर्षक पूड आत घालून तो झिजवत न्यावा लागे. म्हणून कुपी उजेडासमोर धरून मानेखालचे खांदे न्याहाळावेत. तिथेही भिंत पातळ आणि एकसारखी असेल तर काम अव्वल. नुसते मधोमध भोक पाडून सोडले असेल तर भाव खुशाल पाडून मागावा.

आतून रंगवलेल्या कुप्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बीजिंगमध्ये बहर आला. झोउ लेयुआन आणि मा शाओशुआन ही त्यांतली मोठी नावे. आतला पृष्ठभाग घासून दुधी करायचा आणि बाकदार लेखणीने, तेही उलट बाजूने, चित्र काढायचे, हे कौशल्य थक्क करणारेच आहे. मात्र पाणी आत गेले तर चित्र बिघडू शकते, आणि नावाजलेल्या सह्यांच्या नकलाही उदंड झाल्या. शिवाय कुपीवरचे वर्ष चिनी कालगणनेच्या साठ वर्षांच्या चक्रातले असते, त्यामुळे १८९५ आणि १९५५ या दोन्ही वर्षांचे नाव एकच येते! त्यातच अशा अनेक कुप्या स्फटिकाच्या नसून काचेच्या असतात. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच समजावी. स्फटिकात ढगाळ पदर किंवा चिरा दिसतात आणि हाताला तो अधिक गार लागतो.

माझी स्वतःची आवड विचाराल, तर आत तुरमली या खनिजाच्या काळ्या किंवा रुटाइल या खनिजाच्या सोनेरी सुया असलेला स्फटिक: ते चित्र धुऊन जात नाही.

बूच बरेचदा नंतर बदललेले असते, त्याचे फार मनावर घेऊ नये; पण भारतात मागवणार असाल तर बुचाला जोडलेला चिमुकला चमचा हस्तिदंती नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण हस्तिदंताच्या व्यापाराला येथे कायद्याने बंदी आहे.