आठ महिने जीटीए ५ खेळल्यावर: रिचर्ड्स मॅजेस्टिक आणि तो एकच डबा

गेल्या आठवड्यात माझ्या पीएस४ने, म्हणजे प्लेस्टेशन ४ या गेम खेळायच्या मशीनने, डिस्क घेणं बंद केलं. आत ढकलली की घरघर करायची आणि बाहेर टाकायची. जिथून सेकंडहँड मशीन घेतलं तो दुकानदार म्हणाला, लेन्स गेली, दीड हजार लागतील. मी मशीन तसंच उचलून घरी आणलं. झाकण खोलून कोरड्या ब्रशने आठ महिन्यांची परभणीची धूळ काढली आणि डिस्क चालली. दीड हजार वाचले. तेव्हाच ठरवलं की त्या डिस्कवरच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५', म्हणजे जीटीए ५ या गेमबद्दल एकदा नीट लिहायचं.

नकाशा, गाड्या, ग्राफिक्स यांवर काही सांगत नाही. २०१३चा गेम आहे, सगळ्यांना माहीत आहे. नऊशे रुपयांना डिस्क मिळाली, पैसे वसूल झाले. मला फक्त रिचर्ड्स मॅजेस्टिकबद्दल बोलायचं आहे, गेममधल्या लॉस सँटोस या काल्पनिक शहरातल्या त्या फिल्म स्टुडिओबद्दल.

ज्यांनी मिशनं, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्या, घाईत उरकल्या असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉलोमन रिचर्ड्स हा म्हातारा निर्माता. मायकेल, ज्यांना घेऊन आपण खेळतो त्या तिघांपैकी एक, त्याच्या जुन्या सिनेमांचा वेडा. सॉलोमन 'मेल्टडाउन' नावाचा, पैशाच्या हावेवरचा सिनेमा काढतोय आणि अब्जाधीश डेव्हिन वेस्टनला स्टुडिओ बंद करून जमीन मोकळी करायची आहे. शेवटी डेव्हिनची वकील मॉली सिनेमाचं रीळ घेऊन विमानतळाकडे पळते आणि मायकेल तिच्या मागे लागतो.

माझं घोडं अडलं ते याच मिशनला. मिशन अर्धं झालं की हमखास वीज जायची. मिशनमधले चेकपॉइंट, म्हणजे जिथून मधूनच पुन्हा सुरू करता येतं त्या जागा, मशीन बंद झालं की राहत नाहीत, त्यामुळे पाठलाग पुन्हा पहिल्यापासून. एप्रिलमध्ये हे तीनदा झालं. इन्व्हर्टरवर पंखा आणि टीव्ही चालतो, वर मशीन लावलं की तो ओरडतो. आमच्याकडे खेळणाऱ्याने हे मिशन सकाळी लवकर खेळावं.

शेवटी मिशन पुरं झालं तेव्हा अण्णा मागे खाटेवर बसून बघत होते. अण्णा एकवीस वर्षं आमच्या गावच्या थिएटरात ऑपरेटर होते. ते थिएटर आता मंगल कार्यालय आहे. मायकेलने रीळ परत मिळवलं तेव्हा ते म्हणाले, "एका डब्यात आख्खा पिच्चर कुठं मावतो रं?"

मग त्यांनी हिशोबच मांडला. पस्तीस एमएमचं हजार फुटांचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. अडीच तासांचा पिच्चर चौदा रिळांचा. पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या आणि उचलायला दोन माणसं लागायची. शिवाय निगेटिव्ह लॅबमध्ये असतं, प्रिंट चोरली तर दुसरी काढता येते. मग ती बाई पळवते तरी काय?

हे ऐकल्यावर माझा त्या मिशनवरचा जीवच उडाला. मोटारीचा बंपर कसा वाकतो इथवर लक्ष देणाऱ्या माणसांना हे कळू नये? सिनेमाच्या धंद्याची टर उडवायची तर त्या धंद्याचं वजन तरी माहीत हवं. मी गेमला पाचपैकी तीन देणार होतो, ते या एका डब्यापायी. दीड-दोन महिने मी ते मिशन परत लावलं नाही.

माझं मत बदललं ते पावसाळ्यात. अण्णांशी जुन्या स्टुडिओंचा विषय निघाला. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ला पुण्यात आली. त्या जागेवर १९६०पासून सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे, म्हणून ती जागा तरी राहिली. चेंबूरचा आर. के. १९४८चा. सप्टेंबर २०१७मध्ये तिथे आग लागली, २०१९मध्ये जमीन गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. अण्णा म्हणाले, "आगीत कपडे गेले, सामान गेलं. पिच्चर ऱ्हायले. पर जागा गेली की माणसं कुठं जमतील?"

त्या रात्री मी पुन्हा खेळलो आणि सॉलोमनकडे नीट पाहिलं. या गेममध्ये प्रत्येकाची खिल्ली आहे. टीव्हीवाले, योगावाले, पोलीस, नट कुणी सुटलेलं नाही. स्टुडिओच्या आवारात एलियनच्या वेशातले एक्स्ट्रा हिंडत असतात, 'मेल्टडाउन'चा नट आणि दिग्दर्शक दोघंही नुसते नखरेल. सॉलोमनचीही थोडी चेष्टा आहेच, पण तो सिनेमावर बोलतो तेव्हा लिहिणाऱ्यांनी हात आखडता घेतलाय. आणि मायकेल, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही, तो या म्हाताऱ्यासमोर शाळकरी पोरासारखा उभा राहतो. एका डब्याची चूक मला अजून मान्य नाही. पण एवढ्या मोठ्या गावात जिवापाड जपावं असं काहीतरी एक आहे, हे दाखवायला त्यांना हातात मावणारी वस्तू हवी होती, हे मला पटलं.

आणखी एक गोष्ट फार आवडली. सॉलोमनचं काम धरल्यावर मायकेलला फाटकातून आत सोडतात. बाकीच्या दोघांना, फ्रँकलिन किंवा ट्रेव्हरला, घेऊन घुसलं की पोलीस मागे लागतात. दुसऱ्या महिन्यापासून माझी सवय झाली आहे, रात्री मायकेलला तिथे न्यायचं, गाडी बाहेर लावायची आणि सेटांमधून पायी हिंडायचं. मिशन नाही, पैसे नाहीत, नुसतं हिंडणं.

तक्रार एवढीच की सबटायटल ना मराठीत ना हिंदीत. अण्णांना प्रत्येक वाक्य मला सांगावं लागतं.

प्रीमियरच्या रात्री लाल गालिच्यावरच डेव्हिन मायकेलला सांगतो की त्याच्या घरी माणसं पाठवलीत, आणि तो सिनेमा न बघताच धावत सुटतो. पण नंतर गेममधल्या थिएटरात 'मेल्टडाउन' लागतो. मशीन दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदा तेच लावलं. तिकीट काढून मायकेलला आत बसवलं आणि अण्णांना हाक मारली. सिनेमा काही मिनिटांचाच आहे. अण्णा चष्मा लावून पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. रिळांच्या सिनेमात रीळ बदलायची खूण म्हणून तिथे ठिपका यायचा, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं.

संपल्यावर म्हणाले, "एवढा तर एका डब्यात मावतो."

मी चार तारे देतोय. डिस्क विकणार नाही.