सेंद्रिय भाजी-फळं, नऊ महिन्यांनंतर: काय सुरू ठेवलं, काय बंद केलं

मागच्या जूनमध्ये धाकटीला वरचं खाणं सुरू केलं आणि त्याच आठवड्यात ठरवलं की यापुढे घरात येणारं सगळं सेंद्रिय. आम्ही पुण्यात राहतो, घरात पाच माणसं. आधी भाजी-फळांना महिन्याला साडेचार हजार लागायचे, पहिल्याच महिन्यात ते 8,700 झाले. दुसऱ्या महिन्यात खर्च आपोआप कमी झाला. का झाला, ते मात्र उशिरा लक्षात आलं. आम्ही भाज्या-फळंच कमी खात होतो. थोरल्याच्या छोट्या डब्यात काकडी-गाजराऐवजी बिस्किटं जायला लागली होती आणि सासूबाई एका पेरूच्या पाच फोडी करून सगळ्यांना वाटत होत्या. ते बघून मला फार वाईट वाटलं. ताटातली भाजी कमी करून सेंद्रिय आणायचं नाही, हे त्या दिवशी पक्कं केलं.

मग प्रश्न आला, नेमकं काय सेंद्रिय घ्यायचं? कीटकनाशकांचे अंश सर्वात जास्त सापडणाऱ्या भाज्या-फळांची अमेरिकेतली ‘डर्टी डझन’ ही यादी सगळीकडे फिरत असते. ती तिथल्या बाजारातल्या तपासण्यांवरून काढलेली आहे. आपल्या रोजच्या गवारीचं, दोडक्याचं, कढीपत्त्याचं काय करायचं, ते तिच्यातून कळत नाही.

मला उत्तर मिळालं ते मंचरजवळ, मामांच्या शेतात. गणपतीला गेलो होतो. सकाळी उजाडताच मामी आणि आणखी दोन बायका हातात मोजे घालून भेंडी तोडत होत्या, कारण भेंडीच्या लवेनं हात खाजतात. भेंडीचा तोडा दिवसाआड असतो. फवारणी कधी केली, असं मी मामांना विचारलं. त्यांनी काही न लपवता सांगितलं, “परवा संध्याकाळी. औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं गं, इतके दिवस तोडू नका म्हणून. पण भेंडी थांबते का? दोन दिवसांत जून होते, मग कोण घेतंय?”

त्यांच्या या एका उत्तरावर माझी सगळी यादी उभी आहे. भाजी घेताना मी आता दोनच गोष्टी बघते: तिचा तोडा किती दिवसांनी होतो, आणि आपण ती सालीसकट खातो का.

भेंडी, वांगी, काकडी, मिरची, गवार यांचा तोडा आठवडेच्या आठवडे चालू असतो आणि फवारणीही त्याच काळात चालू असते. वांग्यात तर अळी फळाच्या आत शिरते. एकदा आत गेली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती शिरायच्या आधीच पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. भारतातून जाणाऱ्या भेंडीवर आणि कढीपत्त्यावर युरोपीय संघानं कीटकनाशकांच्या अंशांसाठी जादा तपासणी लावली होती, हे नंतर वाचलं तेव्हा मामांचं बोलणं आणखी पटलं. एवढ्या भाज्या आणि पालक आम्ही सेंद्रिय घेतो. फ्लॉवर परवडतो तेव्हा. कढीपत्ता कुंडीत लावला आहे, पाच माणसांना पुरतो.

कांदा, लसूण, बटाटा, रताळं, लाल भोपळा, मटार, केळी, पपई, कलिंगड, नारळ हे सगळं नेहमीच्या भाजीवाल्या मावशींकडून. कांदा हंगामात एकदाच काढतात, वर त्याची सालं आपण टाकून देतो. कोबीची वरची दोन-तीन पानं काढली की माझं समाधान होतं.

द्राक्षांवर मात्र मी बरीच अडखळले. साल काढता येत नाही, आणि डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या भरपूर. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. निर्यातीच्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून मगच माल जातो, कोपऱ्यावरच्या हातगाडीवरच्या घडाला तशी चाळणी लागत नाही. म्हणून यंदा द्राक्षं कमी वेळा आणली, पण आणली ती सेंद्रिय. बाकीचे दिवस संत्री आणि पपई.

धुण्याबद्दल. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या 2017 च्या प्रयोगात सफरचंदं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर दोन कीटकनाशकांचे पृष्ठभागावरचे अंश निघून गेले होते, पण सालीच्या आत मुरलेले निघाले नाहीत. आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातूनच फिरतात, ती धुऊन जात नाहीत. तरी मी फळं लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवते आणि मग वाहत्या नळाखाली चोळून धुते. सेंद्रिय भाजीही धुवायचीच. तिच्यावरही निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क फवारलेला असतो, आणि शेणखताची माती पालकाच्या देठात अडकून राहते.

आता विश्वासाचा मुद्दा. पहिले तीन महिने मी एका घरपोच सेवेकडून भाजी घेत होते. भेंडी कायम, एकसारखी, एकाही आठवड्यात खंड नाही. भाजी कुठल्या शेतातली, प्रमाणपत्र कुठलं, हे दोनदा लिहून विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा बंद केलं. पाकिटावर ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह असलं तर चांगलंच. पीजीएस-इंडिया या प्रमाणपत्राच्या पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. त्यात ‘पीजीएस-ग्रीन’ लिहिलेलं असेल तर जमीन अजून सेंद्रियकडे वळते आहे, असं समजायचं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या, वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान शेतकऱ्याला मात्र प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणून शनिवारच्या शेतकरी बाजारात कागद नाही म्हणून कुणाला खोटं ठरवू नका. शेत बघायला येऊ का, असं विचारा. मी ज्या ताईंकडून घेते त्यांनी लगेच पत्ता दिला. त्यांच्या वांग्यांत अळी निघते, कधी आठवडाभर भेंडीच नसते, आणि का नाही ते त्या सांगतात.

सध्या खर्च महिन्याला 5,800 च्या आसपास आहे. डब्यात काकडी परत गेली. पेरू साधाच, सोड्याच्या पाण्यात धुतलेला, पण प्रत्येकाला अख्खा. पावसाळ्यात टाकळा, फोडशी, करटोली आल्या की भेंडी-गवारीचे पैसे वाचतील. टाकळा-फोडशी माळावर आपोआप उगवतात, त्यांच्यावर कुणी फवारायला जात नाही. करटोलीची हल्ली शेतीही होते, तेवढी विचारून घेणार आहे.