सामायिक मेलबॉक्स रखडतोय: डाउनलोड बंद करावं की वेगळं खातं जोडावं?

नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात मी डॉक्युमेंटेशन बघतो. आम्ही सात जण आउटलुकमध्ये एकाच सामायिक मेलबॉक्सवर काम करतो. सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट), शिपिंग लाइन, लॅब, तिकडचे खरेदीदार, सगळ्यांचे मेल तिथेच येतात. मागच्या हंगामात ऐन फेब्रुवारीत फोल्डर अपडेट होणंच मंदावलं. शेजारच्या टेबलावर दिसणारा मेल माझ्याकडे अर्ध्या-पाऊण तासाने उगवायचा. एका कंटेनरच्या बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, जहाजात माल चढल्याची पावती) ड्राफ्टमधली चूक सहकाऱ्याने आधीच कळवली होती. तो मेल माझ्यापर्यंत पोचला नव्हता, म्हणून मी जुन्याच ड्राफ्टला होकार देऊन बसलो. ते निस्तरण्यात दोन दिवस गेले.

दोष बराचसा आमच्याच मांडणीत होता. प्रत्येक कंटेनरला एक फोल्डर आणि त्यात फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), इन्व्हॉइस, बीएल असे पोटफोल्डर. तीन हंगामांत त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. अॅडमिनने ‘फुल अॅक्सेस’ दिला की सामायिक मेलबॉक्स क्लासिक आउटलुकमध्ये आपोआप येऊन बसतो, याला ऑटोमॅपिंग म्हणतात. सोयीचं वाटतं, पण त्याचे सगळे फोल्डर आपल्या स्वतःच्या मेलच्याच ओएसटी फाइलमध्ये, म्हणजे मशीनवर ठेवलेल्या मेलच्या प्रतीत, उतरतात. जुन्या आवृत्त्यांत असे 500 च्या वर फोल्डर झाले की सिंक, म्हणजे सर्व्हर आणि मशीन यांचा मेळ, अडखळतो, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलं आहे. पुढे ती मर्यादा बरीच वाढवली, तरी फोल्डरांचं ओझं जाणवायचं ते जाणवतंच.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. दोन्ही मी एकेक महिना वापरून पाहिल्या.

पहिली सोपी. अकाउंट सेटिंग्जच्या अॅडव्हान्स्ड भागात ‘डाउनलोड शेअर्ड फोल्डर्स’वरची टिक काढायची आणि आउटलुक बंद करून परत उघडायचं. मग सामायिक मेलबॉक्स मशीनवर उतरत नाही, थेट सर्व्हरवरून दिसतो. पाच मिनिटांचं काम, अॅडमिनच्या पाया पडायला नको, डिस्कवर जागाही अडत नाही. शिवाय मेल आला की सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. आमचं मूळ दुखणं तर हेच होतं, त्यामुळे पहिला आठवडा मी खूशच होतो.

मग ती चौकट दिसायला लागली. ‘आउटलुक सर्व्हरकडून माहिती मिळवत आहे’ अशा अर्थाची, खाली उजव्या कोपऱ्यात. आमचं पॅकहाउस गावाबाहेर आहे आणि इंटरनेटची लाइन दिवसातून चार-पाच वेळा तरी क्षणभर मान टाकते. एरवी ते कळतही नाही. पण मेल थेट सर्व्हरवरून बघत असलो की तेवढ्यात अख्खी खिडकी गोठते, माझ्या स्वतःच्या इनबॉक्ससकट. न्हावा-शेव्याला रीफर (थंड कंटेनर) गेटवर उभा आहे, सीएचए फोनवर ‘सुधारलेला इन्व्हॉइस लगेच पाठवा’ म्हणतोय, फोल्डर कोणता ते मला पाठ आहे, आणि पडद्यावर नुसती ती चौकट. असं महिन्यात तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी इन्व्हॉइसचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि त्याच संध्याकाळी दुसरी वाट धरायचं ठरवलं.

दुसऱ्या वाटेला अॅडमिन लागतो. त्याने आपली परवानगी काढून ती पॉवरशेलमधून (कमांड टाइप करून), ऑटोमॅपिंग बंद ठेवून परत द्यायची. बदल पोचायला तासभर धरून चला, घाई केली तर तोच मेलबॉक्स दोनदा दिसत राहतो. मग आउटलुकमध्ये सामायिक पत्ता नवीन खातं म्हणून जोडायचा, साइन-इन मात्र स्वतःच्या पत्त्याने आणि पासवर्डने. सामायिक पत्त्याला वेगळा पासवर्ड देऊन तो सात जणांत वाटू नका.

यात त्या मेलबॉक्सची ओएसटी वेगळी होते. त्याचा सिंक त्याच्या गतीने चालतो, आपला मेल त्यात अडकत नाही. किती काळाचे मेल मशीनवर ठेवायचे तेही त्या खात्यापुरतं ठरवता येतं. आम्ही एक वर्ष ठेवलं, कारण जानेवारीत गेलेल्या मालाचा क्लेम कधीकधी जूनमध्ये येतो. पहिला डाउनलोड रात्रभर चालला आणि डिस्कवर बरीच जागा गेली, हे खरं. पण सकाळी सगळे फोल्डर जागेवर होते, आणि लाइन गेली तरी जुना इन्व्हॉइस उघडता येत होता.

उणीव एक उरते. मेल आधी मशीनवर उतरतो, त्यामुळे सगळ्यांकडे अगदी एकाच क्षणी दिसेल असं नाही. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण आमच्याकडे फरक एखाद्या मिनिटाच्या पुढे गेल्याचं आठवत नाही. मेल हातात घेणारा आधी त्यावर आपल्या नावाची रंगीत कॅटेगरी लावतो, मग उत्तर लिहितो. दुहेरी उत्तरं त्यानंतर थांबली.

तुमची लाइन भक्कम असेल, किंवा एकाच संगणकावर पाळीपाळीने वेगवेगळी माणसं बसत असतील, तर पहिली वाट कदाचित बरी. दर माणसामागे मोठी ओएसटी साठवण्यात अर्थ नाही. आमचे पॅकहाउस सुपरवायझर दिवसाला दोन-तीनच मेल बघतात, त्यांना तर ब्राउझरमधून मेलबॉक्स उघडून दिला आणि विषय संपला. पण दिवसभर त्याच मेलबॉक्समध्ये बसून काम करणाऱ्याला, विशेषतः शहराबाहेर, मी वेगळं खातंच सुचवेन.

कोणतीही वाट धरलीत तरी त्याआधी फोल्डर कमी करा. आम्ही संपलेल्या हंगामांचे कंटेनर फोल्डर मेलबॉक्सच्या आर्काइव्हमध्ये हलवले. त्यासाठी त्या मेलबॉक्सला लायसन्स लागतं, एरवी 50 जीबीपर्यंत लागत नाही. पोटफोल्डर पूर्ण बंद केले. आता कंटेनर नंबर विषयाच्या ओळीत लिहितो आणि शोधून काढतो. सुरुवातीला आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटलं नव्हतं, या जानेवारीपासून तेच नवीन मुलांना विषयात नंबर टाकायला सांगतात.