दोन लाख फोटो आणि एक डोंगल

तालुक्याच्या गावातल्या, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत घडलेला हा प्रकार. नाव-गाव मुद्दाम दिलेलं नाही, विकणाऱ्याचंही नाही. फसवणुकीची पद्धत मात्र तपशिलात दिली आहे, कारण ती कुठल्याही गावात, कुठल्याही स्टुडिओत चालू शकते.

बारा वर्षांचं काम चार हार्ड डिस्कवर, एकूण दोन लाखांच्या आसपास फोटो. पाच वर्षांनी एखादं गिऱ्हाईक येतं, "सुनमुख बघताना आजीचा फोटो होता, आजी गेली, तेवढा काढून द्या" म्हणतं, आणि अर्धा दिवस फोल्डर उघडण्यात जातो. अशा दुकानात एक जण लॅपटॉप घेऊन आला. त्याच्याकडे 'मराठी फोटो मॅनेजर' होता. एकदाच २२ हजार भरा, आयुष्यभर वापरा, वर प्रोग्रॅम उघडायची किल्ली म्हणून पेनड्राइव्हसारखा यूएसबी डोंगल. डेमोत त्याने शंभरेक फोटोंना 'हळद', 'सप्तपदी', 'कानपिळी' असे की-वर्ड लावले, शोध चौकटीत 'हळद' टाकलं आणि क्षणात सगळी हळद समोर. व्यवहार झाला, पैसे एका वैयक्तिक यूपीआय खात्यावर गेले, बिल 'नंतर पाठवतो' म्हणाला.

पुढचे आठ महिने दोन पोरं रोज दुपारी बसून की-वर्ड लावत होती. साठेक हजार फोटो झाले. मग एके दिवशी डोंगलचा दिवा लागेना. सॉफ्टवेअर उघडेना, विकणाऱ्याचा फोन बंद. फोटो सगळे जागेवर होते, पण एकाही फोटोत एकही की-वर्ड नव्हता. २२ हजारांचं दुःख त्यामानाने लहान. आठ महिन्यांची दोन माणसांची मजुरी त्या डोंगलमागे अडकली होती.

विकलेली वस्तू म्हणजे डिजिकॅम. केडीई नावाच्या प्रकल्पातलं, कुणालाही फुकट मिळणारं, फोटो सांभाळण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. आयकॉन आणि नाव बदललेलं, आणि पुढे एक छोटा लाँचर बसवलेला, जो डोंगल दिसला तरच मूळ प्रोग्रॅम सुरू करायचा. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकणं हा गुन्हा नाही, हे आधी सांगायला हवं. डिजिकॅमच्या जीपीएल या मुक्त परवान्यात विक्रीला मुभा आहे. मात्र परवाना आणि सोर्स कोड गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे, मूळ कर्त्यांची नावं पुसता येत नाहीत. फसवणूक त्या लपवाछपवीत होती, आणि त्याहून मोठी एका सेटिंगमध्ये.

डिजिकॅम पहिल्यांदा उघडताना एक प्रश्न विचारतं: माहिती फोटोच्या फाइलमध्ये लिहायची की नाही? 'फाइलमध्ये लिहा' निवडलं तर की-वर्ड फोटोबरोबर राहतात. 'काही करू नका' निवडलं तर ते फक्त प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये साठतात. विकणाऱ्याने दुसरा पर्याय निवडून ठेवला होता. गिऱ्हाईक दरवर्षी मेंटेनन्ससाठी आपल्याकडेच यावं, एवढा साधा हिशेब.

इथे एक गोष्ट कबूल करावी लागते: की-वर्ड स्वतःकडे ठेवणं हे फक्त भामट्यांचं सॉफ्टवेअर करत नाही. ॲडोबीच्या लाइटरूम क्लासिकमध्ये बदल आपोआप एक्सएमपीत, म्हणजे फोटोच्या आत किंवा शेजारी माहिती ठेवायच्या जागेत, लिहिण्याचा पर्याय मुळात बंद असतो. तो कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो, नाहीतर फोटो निवडून कंट्रोल-एस दाबावं लागतं. एसीडीसी या फोटो सॉफ्टवेअरमध्ये माहिती फाइलमध्ये 'एम्बेड' करण्याची वेगळी आज्ञा आहे. ॲपलच्या फोटोजमधून मूळ फाइल बाहेर काढताना एक्सएमपी जोडण्याची खूण केली नाही तर की-वर्ड मागेच राहतात. गूगल फोटोजमधून टेकआउट या सोयीने सगळं उतरवलं तर तिथे लिहिलेली वर्णनं प्रत्येक फोटोशेजारच्या जेसन फाइलमध्ये येतात, फोटोत नाही. फरक इतकाच की या प्रत्येकाकडे बाहेर पडायचा दरवाजा आहे आणि तो कुठे आहे ते मदत-पानांवर लिहिलेलं आहे. भामटा दरवाजाला कुलूप लावून किल्ली खिशात घालतो.

त्या स्टुडिओचा डेटा परत मिळाला. कसा, ते नीट सांगायला हवं, कारण घाईत दोन चुका होतात आणि दोन्ही महागात पडतात. पहिली चूक म्हणजे कॉम्प्युटर फॉरमॅट करणं. 'सॉफ्टवेअर बिघडलंय, विंडोज नवीन टाकून घेऊ' हा सल्ला कुणीतरी देतोच. डेटाबेस बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर, पिक्चर्स फोल्डरमध्ये किंवा डॉक्युमेंट्समध्ये असतो, आणि फॉरमॅटबरोबर जातो. आधी 'डीबी' या शेपटीच्या सगळ्या फाइल शोधा आणि पेनड्राइव्हवर कॉपी करा. डिजिकॅमची मुख्य फाइल 'डिजिकॅम४ डॉट डीबी' या नावाची असते. शेजारी थंबनेल आणि चेहरे ओळखण्याच्या वेगळ्या फाइल असतात. की-वर्ड मुख्य फाइलमध्ये असतात, थंबनेलची फाइल आकाराने मोठी असली तरी ती गेली तरी चालते. ही मुख्य फाइल साध्या एसक्यूलाइट या डेटाबेस प्रकारातली असते, कुलूपबंद नसते. 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' या फुकट साधनाने उघडली की आत इमेजेस, टॅग्ज आणि इमेजटॅग्ज ही कोष्टकं दिसतात. लाइटरूमचा कॅटलॉगही आतून एसक्यूलाइटच आहे. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये अडकला असाल तरी आधी हेच करून पाहा.

मग खरं डिजिकॅम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवायचं आणि त्याला डेटाबेसची कॉपी दाखवायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कारण नवी आवृत्ती उघडताक्षणी डेटाबेसची रचना पुढे नेते आणि मग ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. हार्ड डिस्क बदललेली असेल तर संग्रह 'उपलब्ध नाही' असं दिसेल. डिजिकॅम डिस्कला तिच्या ओळख क्रमांकाने ओळखतं, ड्राइव्हच्या अक्षराने नाही. घाबरून जुना संग्रह काढून नवा जोडू नका. सेटिंग्जमधल्या कलेक्शन्समध्ये जाऊन जुन्याच नोंदीला नवी जागा द्या.

दुसरी चूक इथे होते. टूल्समधल्या मेंटेनन्समध्ये मेटाडेटा (फोटोच्या फाइलमधली माहिती) आणि डेटाबेस जुळवण्याची सोय आहे आणि तिला दोन दिशा आहेत. आपल्याला हवी ती दिशा डेटाबेसकडून फाइलकडे. उलटी निवडली तर प्रोग्रॅम रिकाम्या फाइल वाचून डेटाबेस त्याप्रमाणे करू लागतो, म्हणजे उरलेले की-वर्डही पुसले जाण्याचा धोका. आधी दहा-वीस फोटोंचं एक फोल्डर करून पाहा, मगच पुढे जा. मेटाडेटाच्या सेटिंग्जमध्ये रॉ फाइलसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलसाठी, साइडकार (शेजारी ठेवलेली माहितीची वेगळी फाइल) निवडा; निकॉन, कॅननच्या रॉ फाइलच्या पोटात कुणालाही लिहू देऊ नका. जेपीईजीमध्ये की-वर्ड लिहिल्याने चित्राचा दर्जा घसरत नाही, चित्राचा भाग तसाच राहतो. बदलतो तो फाइलचा 'मॉडिफाइड' दिनांक, त्यामुळे बॅकअप सॉफ्टवेअर सगळे फोटो नव्याने कॉपी करायला घेईल, तेवढी जागा आणि वेळ धरून चाला. साठ हजार फाइल यूएसबी डिस्कवर लिहायला कित्येक तास लागतात. इन्व्हर्टर नसेल तर वर्षावर्षाच्या फोल्डरने पुढे जा, आणि पहिली आज्ञा देण्यापूर्वी डिस्कची एक पूर्ण कॉपी हवीच.

आता विकत घेण्याआधीची परीक्षा. अर्ध्या तासाची आहे आणि विकणारा समोर असतानाच करायची. त्याच्या लॅपटॉपवरचे नमुन्याचे फोटो नकोत. आपले दहा फोटो द्यायचे, सहा जेपीईजी आणि चार रॉ. प्रत्येकाला चार की-वर्ड लावायला सांगायचं: एक इंग्रजी, एक छोटा मराठी, एक लांबलचक मराठी, आणि एक उतरंडीचा, म्हणजे 'लग्न'च्या पोटात 'विधी' आणि त्याच्या पोटात 'लाजाहोम'. सॉफ्टवेअर बंद करायचं. तो फोल्डर, ते सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचा. पेनड्राइव्हने न्यायचा, व्हॉट्सॲपने नाही; व्हॉट्सॲप फोटो पाठवताना आतली माहिती काढून टाकतं आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. विंडोजमध्ये जेपीईजीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. तिथे 'टॅग्ज'समोर शब्द दिसले पाहिजेत. रॉ फाइलशेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाइल असली पाहिजे. ती नोटपॅडमध्ये उघडते आणि आत मराठी शब्द डोळ्यांनी वाचता येतो. हे दिसलं नाही आणि विकणारा 'एक्स्पोर्टचं मॉड्यूल वेगळं आहे' म्हणाला, तर चहा पाजून निरोप द्यावा.

साइडकारच्या नावातही एक खोड आहे. ॲडोबीची सॉफ्टवेअरं मूळ शेपटी काढून एक्सएमपी लावतात, डिजिकॅम मूळ शेपटी ठेवून तिच्यापुढे एक्सएमपी जोडतं. त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही आणि माणूस की-वर्ड उडाले असं समजतो. डिजिकॅमच्या नव्या आवृत्त्यांत ॲडोबीसारखं नाव देण्याची खूण आहे. उतरंडीचंही तसंच: लाइटरूम पातळ्यांमध्ये उभी रेघ वापरतं, डिजिकॅम स्वतःच्या नोंदीत तिरकी. म्हणून परीक्षेत उतरंडीचा की-वर्ड ठेवायचा.

लांब मराठी की-वर्ड कशासाठी, ते इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडणार नाही. फोटोत की-वर्ड दोन जागी लिहिले जातात: जुनी आयपीटीसी-आयआयएम आणि नंतरची एक्सएमपी, जी ॲडोबीने २००१ मध्ये आणली. जुन्या जागेत एका की-वर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह. म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हं. 'लालबाग विसर्जन मिरवणूक' ६२ बाइटमध्ये बसतं. मधे 'गणपती' घातला की ७८ होतात आणि शेपूट तुटतं. म्हणून एका की-वर्डमध्ये वाक्य कोंबू नका: 'लालबाग', 'गणपती', 'विसर्जन' असे सुटे लावा. काही जुनी सॉफ्टवेअरं आयआयएममध्ये यूटीएफ-८ ची खूण लिहीत नाहीत, मग दुसरीकडे मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

दुसरी अस्सल मराठी भानगड म्हणजे 'दुसऱ्या', 'चौऱ्याहत्तर' यांतला अर्धा ऱ. काही कीबोर्ड नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना दोन वेगळे शब्द. एका पोराने लावलेला की-वर्ड दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून सापडत नाही तेव्हा आधी हे तपासा. आणि जुन्या श्रीलिपीसारख्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नावांच्या याद्या थेट चिकटवू नका. फॉन्ट गेला की खाली इंग्रजी अक्षरांचा भुसा उरतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

'एआय आपोआप की-वर्ड लावतं' हे हल्लीचं आमिष. डिजिकॅममध्येही ही सोय ८.३ पासून, म्हणजे २०२४ पासून, फुकट आहे. वस्तू ओळखणारी बरीच तयार मॉडेलं कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकवलेली असतात आणि त्यात ८० वर्ग आहेत: माणूस, खुर्ची, छत्री, केक, टाय. मुंडावळ्या नाहीत, अंतरपाट नाही. गणपतीला 'हत्ती' म्हटलं तरी नवल नको. विकणाऱ्याला डेमोत आपलाच लाजाहोमचा फोटो द्यावा आणि गंमत बघावी.

स्वस्तातल्या 'लाइफटाइम लाइटरूम'बद्दल थोडक्यात. एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं लाइटरूम म्हणजे २०१५ चं लाइटरूम ६. त्यानंतरचं सगळं वर्गणीवर. हजार-दीड हजारात कुणी आजचं लाइटरूम आयुष्यभरासाठी देत असेल तर ते एकतर क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत आहे, नाहीतर कुठल्या कॉलेजच्या किंवा कंपनीच्या खात्यातली चोरटी जागा, जी कधीही बंद होते. क्रॅक टाकताना 'अँटिव्हायरस दहा मिनिटं बंद करा' म्हणतात, आणि स्टॉप-डीजेव्ह्यूसारखं खंडणीचं रॅन्समवेअर नेमकं याच वाटेने पसरलं आहे. जोडलेली बॅकअप डिस्कही त्यातून सुटत नाही. उलट, खरी वर्गणी थांबली तरी लाइटरूम क्लासिकचा लायब्ररी विभाग उघडतो आणि की-वर्ड एक्सएमपीत लिहून बाहेर काढता येतात; डेव्हलप आणि मॅप तेवढे बंद होतात. 'पिकासाची नवी आवृत्ती' विकणाऱ्याचंही तेच. गूगलने मार्च २०१६ मध्ये पिकासा बंद केलं, ३.९ च्या पुढे ते गेलंच नाही.

फसल्यावर काय? ऑनलाइन पैसे गेले असतील तर जितक्या लवकर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. 'हा धंद्यासाठी घेतलेला माल' असा आक्षेप समोरून येईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते, तेव्हा एकट्याने चालवलेल्या स्टुडिओने हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावं. सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, 'आयुष्यभर' हा शब्द असलेले चॅटचे स्क्रीनशॉट, सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये डिजिकॅमच्या मूळ फाइलींची नावं दिसतील असा फोटो, आणि डोंगल. तो फेकून देऊ नका.