हॉलमध्ये एलसीडी, आतल्या खोलीत ओलेड: दोन्ही वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीत आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोन टीव्ही आले. हॉलसाठी 65 इंची मिनी-एलईडी आणि आतल्या खोलीसाठी 55 इंची ओलेड. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला होता, त्यामुळे कधीची लांबवलेली खरेदी एकदाची उरकली. ‘ओलेड एवढा भारी, तर तो हॉलमध्ये का नाही लावला?’ हे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर लांब आहे. थंडी, उन्हाळा, आयपीएल असं बरंच काही दोन्ही पडद्यांवर बघून झालंय, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी नावांचा घोळ. दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी अशा पाट्या लावलेले असतात ते सगळे जातीने एलसीडीच. मागे दिवे, पुढे लिक्विड क्रिस्टलचा थर. तो थर उजेड अडवतो, पण पुरता अडवत नाही, थोडा झिरपतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडीचा काळा रंग राखाडी वाटतो. मिनी-एलईडीत मागच्या बारीक दिव्यांचे शेकडो गट केलेले असतात आणि जिथे अंधार हवा तिथला गट मंद होतो. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. 4के पडद्यावर जवळपास 83 लाख पिक्सेल असतात आणि त्यातला प्रत्येक स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो.

हा फरक बघायचा तर रात्री दिवे मालवून एखादा मल्याळम थ्रिलर लावावा. भाषा येत नाही म्हणून खाली सबटायटल्स, आणि पडद्यावर अर्धा वेळ काळोख. माझ्या मिनी-एलईडीवर पांढऱ्या अक्षरांभोवती धुरकट उजेड पसरतो. अक्षरं आली की तो येतो, गेली की जातो. एकदा डोळ्यांत भरला की मग सिनेमा बाजूला राहतो आणि आपण तोच बघत बसतो. ओलेडवर अक्षर तेवढं पांढरं आणि लगतचा पिक्सेल ठार काळा. रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं जे काही बघतो, त्यासाठी हा टीव्ही घेतला आणि त्या कामात त्याला तोड नाही.

पण हॉलमधला टीव्ही आमचा नाही, तो बाबांचा आहे. सकाळी चहाबरोबर मराठी बातम्या सुरू होतात त्या दुपारच्या झोपेपर्यंत. आपल्या बातम्यांच्या वाहिन्या जरा डोळ्यांसमोर आणा. एका कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, खाली लाल पट्टी, तिच्याखाली धावती पट्टी, आणि कधी कधी बाजूला जाहिरातीची उभी पट्टीही. मधल्या उरलेल्या चौकोनात चार माणसं भांडत असतात. पट्टीतली अक्षरं बदलतात, पण पट्टीचा लाल रंग तासन्‌तास जागचा हलत नाही. ओलेडमधला सेंद्रिय पदार्थ पेटण्याने हळूहळू झिजतो. जिथे जास्त पेटला तिथे जास्त झिजतो, आणि ती विषम झीज पुढे कायमच्या डागासारखी दिसायला लागते. बर्न-इन म्हणतात ते हेच. आरटिंग्ज या टीव्ही तपासणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये काही ओलेड टीव्ही रोज 20 तास चालवून पाहिले. ज्यावर सीएनएन लावून ठेवलं होतं, त्यावर त्या वाहिनीचे ठसे उमटले. नंतरची पॅनेल पुष्कळ सुधारली आहेत हे खरं. तरी बाबांची पट्टी आणि माझे लाखभर रुपये यांची गाठ मला घालून द्यायची नव्हती.

आतल्या खोलीत सिनेमा, मालिका, थोडंफार क्रिकेट असं मिसळ चालतं. इतक्या महिन्यांत पडद्यावर डागाचा मागमूस नाही. लाल आणि राखाडी रंग पूर्ण पडदाभर लावून मी मुद्दाम तपासतो.

आता अशी एक गोष्ट, जी ओलेड घेताना दुकानात मला कोणी सांगितली नाही आणि जी आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची आहे. झोपताना टीव्हीचं बटण बोर्डावरून बंद करायचं हा आमच्या घरचा शिरस्ता. रिमोटने बंद केलेला टीव्ही आईच्या लेखी बंद नसतोच. ओलेडच्या बाबतीत ही सवय घातक आहे. चार-एक तासांचा वापर साठला की टीव्ही रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, गुपचूप स्वतःची डागडुजी करतो. कोणता पिक्सेल किती झिजला ते मोजून तो फरक भरून काढतो. त्यासाठी त्याला वीज लागते. बोर्डावरचं बटण रोज बंद झालं की हे काम रोज राहून जातं. म्हणून आतल्या खोलीतल्या बटणावर मी पांढरी पट्टी चिकटवून ‘हे बंद करू नका’ असं लिहून ठेवलंय. बाबांनी साहजिकच वीजबिलाचा मुद्दा काढला. माहितीपत्रकात स्टँडबायला अर्धा वॅट लिहिलंय. वर्षभराचा हिशेब साडेचार युनिटच्याही आत येतो. तो आकडा कागदावर मांडून दाखवला तेव्हा कुठे ते गप्प बसले. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की मात्र मी स्वतः प्लग काढतो. एखाद्या रात्री डागडुजी राहिली तर बिघडत नाही, सर्जने, म्हणजे विजेच्या अचानक उसळीने, टीव्हीतला बोर्ड जळला तर बिघडतं.

ओलेड हॉलमध्ये न लावण्याचं दुसरं कारण उजेडाचं. आमचा हॉल पश्चिमेचा. दुपारी साडेतीनचा आयपीएल सामना सुरू होतो तेव्हा ऊन खिडकीतून थेट सोफ्यापर्यंत आलेलं असतं. क्रिकेट हा ओलेडसाठी अवघड विषय आहे, कारण जवळजवळ सगळा पडदा उजळ असतो: हिरवंगार मैदान, वर आकाश, मधे फिकट खेळपट्टी. साधारण ओलेड छोट्याशा भागात, उदाहरणार्थ दिव्याच्या ज्योतीत किंवा दागिन्याच्या चमकेत, आठशे निट्सच्याही (निट हे पडद्याच्या उजळपणाचं एकक) वर जातो. पण सगळा पडदा एकदम पांढरा झाला की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी तो स्वतःला आखडता घेतो आणि दीडशे-दोनशे निट्सच्या घरात येतो. मिनी-एलईडीला तिथे फारसा त्रास नाही, तो पूर्ण पडदाभर पाचशेच्या पुढेही आरामात चालतो. मी एकाच दुपारी एकच सामना दोन्ही खोल्यांत लावून बघितला. हॉलमध्ये पडदे न ओढता चेंडू दिसत होता. आतल्या खोलीत खिडकी उघडी ठेवली तर चेंडू शोधावा लागत होता आणि काळ्या कपड्यातल्या माणसाच्या जागी माझाच चेहरा दिसत होता. रात्री साडेसातच्या सामन्याला उलट. फ्लडलाइट्सखालची ती झगमग, मागे काळंभोर आकाश, असं दृश्य ओलेडवर जे दिसतं त्यापुढे हॉलमधला टीव्ही फिका. बाबाही रात्रीच्या सामन्याला आता आत येऊन बसतात.

कोनाची गोष्ट मात्र ओलेडच्या बाजूची, आणि हॉलमध्ये तीच मला खटकते. एलसीडी पॅनेलचे व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार, माझा मिनी-एलईडी व्हीए पॅनेलचा आहे. समोरून बघितलं तर काळा चांगला गडद, पण दिवाणावर एका कडेला बसलं की रंग उडाल्यासारखे होतात. आपल्याकडे माणसं काही टीव्हीसमोर ओळीत बसत नाहीत. कोणी खाली, कोणी दिवाणावर, कोणी स्वयंपाकघराच्या दारातून कणीक मळता मळता बघतं. आयपीएस पॅनेल घेतलं असतं तर कोन सुधारला असता, पण काळा आणखी राखाडी झाला असता. ओलेड कुठूनही बघा, तसाच. पाहुणे जास्त आणि ऊन कमी असं घर असेल, तर हॉलमध्ये ओलेड लावायलाही माझी हरकत नाही.

ओलेडची एक खोड माहितीपत्रकात सापडत नाही. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. ओलेडचे पिक्सेल क्षणात बदलतात, त्यामुळे कॅमेरा हळू सरकतो तेव्हा चित्र अडखळत पुढे गेल्यासारखं वाटतं. एलसीडीचे पिक्सेल आळशी, त्यांच्या पुसटपणात ही अडखळ लपून जाते. पहिले काही दिवस मला वाटलं इंटरनेटच अडकतंय. मोशनच्या सेटिंगमध्ये डी-जडर, म्हणजे ही अडखळ कमी करणारा पर्याय, अगदी एक-दोन घरं वाढवला की बरं वाटतं. जास्त वाढवला तर चित्र अति गुळगुळीत होऊन सिनेमाची मालिका होते, आणि बायकोचा त्याला सक्त विरोध आहे.

मालिकांवरून आठवलं. सेट-टॉप बॉक्सवर एसडी पॅक असेल तर ओलेड की एलसीडी हा वादच फुकट. एसडीचं चित्र 720 गुणिले 576, ते 65 इंचांवर ताणलं की दोन्हीकडे चेहरे मेणाचे दिसतात. ओलेडवर तर गडद प्रसंगातले कॉम्प्रेशनचे चौकोनही स्पष्ट दिसतात, कारण ते लपवायला तिथे राखाडी पडदा नसतो. आईच्या आवडत्या वाहिन्यांपुरता एचडी पॅक घेतला, आणि घरातल्या सगळ्यांना कळलेली सुधारणा तेवढीच.

ओलेडमध्येही दोन जाती आहेत. एक डब्ल्यू-ओलेड, ज्यात लाल, हिरव्या, निळ्याच्या जोडीला पांढरा उपपिक्सेल (पिक्सेलचा छोटा भाग) असतो. ही पॅनेल एलजी डिस्प्ले बनवते आणि माझा टीव्ही याच जातीचा. दुसरी 2022 मध्ये टीव्हीत आलेली क्यूडी-ओलेड, सॅमसंग डिस्प्लेची. तिचे रंग जास्त भरदार, विशेषतः झगझगीत लाल-हिरवे. पण खोलीत दिवा लावला की तिचा काळा किंचित जांभळट-राखाडी होतो, कारण तिच्यात बाहेरचा उजेड गिळणारा पोलरायझर नाही. दिवे लावूनच टीव्ही बघणाऱ्या घराने हे दुकानात नीट पाहावं. शिवाय उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्रपद्धतींपैकी सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, एचडीआर10+ असतं. मला यामुळे रात्रीची झोप उडाली नसती, पण काहींची उडते.

पैशाचं सांगायचं तर 55 इंची ओलेड सवलतीच्या दिवसांत लाखाच्या आसपास येतो. तेवढ्यात बऱ्यापैकी 65 इंची मिनी-एलईडी मिळतो. त्यामुळे हिशेब दहा इंच हवेत की खरा काळा हवा, असा होतो. खोली आठ-नऊ फुटांची असेल तर 55 पुरतो. वॉरंटीच्या कागदात बर्न-इन आणि इमेज रिटेन्शन (आधीच्या चित्राची छटा पडद्यावर राहणं) हे शब्द शोधा. बहुतेकदा ते ‘यात समाविष्ट नाही’च्या यादीत सापडतात. आणि पॅनेल बदलायची वेळ आली तर खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा.

शोरूममध्ये डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. तिथे छतावर ट्यूबलाइटची रांग आणि टीव्ही व्हिव्हिड या भडक रंगांच्या मोडवर, म्हणजे एलसीडी जिंकणारच. मी सेल्समनला फिल्ममेकर मोड (सिनेमा बनवणाऱ्याला हवं तसं चित्र दाखवणारा) लावायला सांगितलं, तर त्याने आधी तो शब्दच मला परत विचारला. घरी माणसं बसवायला येतील तेव्हा त्यांच्यामागे उभे राहा. ओलेडचा वरचा भाग अगदी पातळ असतो, आणि आमच्याकडे आलेला मुलगा तो मधोमध अंगठ्याने दाबून उचलत होता. खालच्या जाड भागाला धरायला सांगितलं, धरला, काम झालं. मग त्याच आठवड्यात, बदलून मिळायची मुदत असतानाच, खोली अंधारी करून यूट्यूबवरची पाच टक्के राखाडी रंगाची चित्रफीत लावा. उभ्या पट्ट्या थोड्याफार सगळ्याच ओलेडवर दिसतात. सिनेमा बघतानाही त्या दिसत असतील, तरच कंपनीला फोन करा.