माल त्याने नेला, देणं लागली त्याची कंपनी

६,३४,४०० रुपये गेले. आकडा लिहिताना आजही लाज वाटते. घरी सांगायलाच मला चार महिने लागले.

आमचं लोखंडी रॅकचं वर्कशॉप आहे. २२ वर्षं उधारीवर धंदा करतोय, त्यामुळे कुणी गोड बोललं आणि मी भुललो असं समजू नका. ज्याने हे पैसे बुडवले त्याने आधी दोन ऑर्डरी दिल्या, ८८,५०० आणि १,१२,१०० रुपयांच्या. दोन्हींचे पैसे मुदतीच्या आधी जमा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तिसरी ऑर्डर ५,८०,००० ची, १८ टक्के जीएसटी धरून ६,८४,४००. एप्रिल २०२४ मध्ये त्याने ५०,००० आगाऊ दिले, बाकी रकमेचा ५ जूनचा चेक दिला आणि गाडी भरत असताना फोन केला, "दादा, बिल जरा आपल्या नव्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने करा. सीएने सांगितलंय."

तिथे माझा हात थांबायला हवा होता. त्याने नवा जीएसटी नंबर पाठवला. जुन्या नंबरात सहावं अक्षर 'पी' होतं, नव्यात 'सी'. जीएसटी नंबरच्या पोटात पॅन असतो, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की समोर माणूस आहे की कंपनी. हे मला माहीत होतं! रिटर्न मी स्वतः भरतो. तरी ते अक्षर याच बोटांनी टाइप केलं, प्रिंट काढली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. दोनदा वेळेवर पैसे देणाऱ्या माणसाला, गाडी अर्धी भरलेली असताना, तुम्ही तरी काय विचारलं असतं?

प्रोप्रायटर, म्हणजे एकटा मालक असेल तर धंद्याचं देणं त्याच्या घरादारावर येतं. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९७ साली सॉलोमनच्या खटल्यात हे पक्कं केलं, आपल्याकडेही तेच तत्त्व चालतं. कंपनीचं देणं कंपनीने फेडायचं. फसवणुकीसाठीच कंपनीचा आडोसा घेतला हे कोर्टात सिद्ध केल्याशिवाय संचालकाच्या खिशाला हात लागत नाही. या कंपनीचं भागभांडवल १ लाख. गाळा बायकोच्या नावावर, मशिनरी बँकेकडे तारण. भांडवल किती, बोजा कुणाचा, हे कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. मी पाहिलं ते चेक परत आल्यावर. बिलावरचं नाव बदललं की माल सोडण्याआधी मालकाकडून वैयक्तिक हमीपत्र घ्या. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, जामीनदार मूळ देणेकऱ्याइतकाच बांधील असतो. देत नसेल तर गाडी रिकामी करा.

एक दार उघडं होतं, ते मीच बंद केलं. कंपनीचा चेक परत आला तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ आणि १४१ खाली त्यावर सही करणारा संचालकही आरोपी होतो. पण तिथे सगळा खेळ दिवसांचा. चेक तीन महिनेच चालतो. तो परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, ते संपले की एका महिन्यात फिर्याद. जूनमध्ये चेक परत आला तेव्हा तो म्हणाला, थांबा, परत भरा. २ सप्टेंबरला भरला, ३ ला परत. मग म्हणाला, दसरा होऊ द्या. दसरा १२ ऑक्टोबरला होता. माझी नोटीस १५ ला गेली, बेचाळिसाव्या दिवशी. फिर्यादीला उशीर झाला तर कोर्ट सबळ कारण पाहून माफ करू शकतं, नोटिशीचा उशीर माफ होत नाही. त्याला हे दिवस पाठ होते. चेक परत आला की त्याच आठवड्यात नोटीस पाठवा, समोरचा रडला तरी.

आता पोलिसांचं ऐका. तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा दोन तास बसवून अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर म्हणाले, कशाला हवी. तिसऱ्यांदा कागद न उलटता उत्तर आलं, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." फसवणुकीला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू लागतो हे मलाही कळतं, तेव्हा दंड संहितेचं कलम ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. पण त्याने आधीच्या दोन ऑर्डरींचे पैसे आणि ५०,००० दिले, म्हणजे हेतू चांगला होता, असं मला सुनावलं गेलं. ज्या पैशांनी मला गळाला लावलं, तेच त्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला! लघुउद्योगांची थकलेली बिलं पाहणाऱ्या सरकारी परिषदेकडे गेलो, तर माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, माल दिल्यानंतरची म्हणून अर्ज परत. नोंदणी फुकट आहे, पहिल्या बिलाआधी करा. पुढे कमर्शियल कोर्ट, म्हणजे दाव्याआधी मध्यस्थी. तिथे तो आलाच नाही. मी वर्कशॉप बंद ठेवून दोन्ही तारखांना बसून होतो.

आणि जीएसटी? हातात फक्त ५०,००० आलेले असताना पूर्ण बिलावरचे १,०४,४०० मी २० मेच्या आत सरकारला भरले. त्याने त्याचं क्रेडिट घेतलं, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या करातून वजा केली. १८० दिवसांत बिल फेडलं नाही तर क्रेडिट उलटवायचं असा नियम आहे. उलटवलंय का, विचारायला मी दोन कार्यालयांत गेलो. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

दाव्याची मुदत तीन वर्षं. ती संपायच्या आत देणं कबूल केल्याचं सहीनिशी मिळालं तर नव्याने मोजतात, म्हणून दर मार्चला खातेउताऱ्यावर सही घ्या. माझ्याकडे फक्त "पैसे बुडणार नाहीत दादा" असे व्हॉट्सअॅप मेसेज आहेत. वकिलांनी ते जपून ठेवायला सांगितलेत.

गेल्या आठवड्यात लोखंडी पत्रे पुरवणाऱ्या एकाचा फोन आला. माझे पैसे बुडवणाऱ्याने त्याला ओळख म्हणून माझं नाव दिलं होतं. मी विचारलं, बिल कुणाच्या नावाने मागितलंय?

"नव्या कंपनीच्या. गाडी भरून उभी आहे."

उतरवून घ्या, म्हटलं.