अन्ननोंदीची ॲप्स दीर्घकाळाच्या वापरात कशी ठरतात

खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची नोंद ठेवणारी ॲप्स आज डझनावारी उपलब्ध आहेत आणि त्यांची परीक्षणे बहुधा पहिल्या पंधरवड्याच्या अनुभवावर लिहिली जातात. त्या काळात जवळजवळ प्रत्येक ॲप उत्तम वाटते, कारण उत्साह वापरणाऱ्याचा असतो आणि श्रेय ॲपला मिळते. वजन उतरवणे हे काही महिन्यांचे काम असले, तरी उतरलेले वजन टिकवणे हे अनेक वर्षांचे काम आहे. म्हणून या परीक्षणात मी एकच निकष मुख्य धरला आहे: आजारपण, प्रवास किंवा घरातले एखादे कार्य यांमुळे नोंद तुटली, तर ते ॲप माणसाला पुन्हा नोंदीकडे येणे सोपे करते की अवघड. गेली काही वर्षे मी अशी निरनिराळी ॲप्स सलग आणि खंड पडूनही वापरत आले आहे आणि या निकषावर त्यांच्यातला फरक पहिल्या पंधरवड्यात दिसतो त्याहून फार मोठा आहे.

नोंद ठेवण्याचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट मिळते. सुमारे 1,700 जणांचा समावेश असलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज अन्ननोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीने उतरले होते. मात्र त्या लोकांना नियमित बैठका आणि मार्गदर्शनाचीही जोड होती. नुसते ॲप हाती दिले तर काय होते, हे 2014 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले. दवाखान्यात येणाऱ्या 212 रुग्णांपैकी निम्म्यांना एक लोकप्रिय मोफत ॲप सुरू करून दिले गेले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही आणि पहिल्या महिन्यानंतर ॲप उघडण्याचे प्रमाण झपाट्याने घसरले होते. हे दोन निष्कर्ष मला परस्परविरोधी वाटत नाहीत. नोंद उपयोगी आहे, पण ती चालू राहिली तरच, आणि ती चालू ठेवण्याची व्यवस्था बहुतेक ॲप्सच्या रचनेत पुरेशी विचारपूर्वक केलेली नाही.

नोंद टिकण्यात सर्वांत मोठा वाटा वेळेचा असतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 142 जणांवर 24 आठवडे केलेल्या अभ्यासात सहभागी लोक पहिल्या महिन्यात रोज सरासरी 23 मिनिटे नोंदीवर घालवत होते. सहाव्या महिन्यापर्यंत हा वेळ 15 मिनिटांच्या आत आला. ज्यांचे वजन अधिक उतरले त्यांनी नोंदीवर जास्त मिनिटे घालवली होती असे नाही, त्यांनी दिवसातून जास्त वेळा नोंद केली होती. याचा अर्थ, जेवणानंतर लगेच केलेली अर्ध्या मिनिटाची ओबडधोबड नोंद ही रात्री आठवून केलेल्या तपशीलवार नोंदीपेक्षा उपयोगी पडते. मी स्वतः ॲप निवडताना आता सर्वांत आधी हेच तपासते. कालचे जेवण आज एका स्पर्शात उतरवता येते का, घरच्या पाककृती एकदा घातल्या की कायम राहतात का, नेहमीचे पदार्थ शोधयादीत आपोआप वर येतात का, आणि घाईच्या वेळी पदार्थाचे नाव न देता केवळ कॅलरींचा अंदाजे आकडा टाकता येतो का. बहुतेक माणसे आलटून पालटून तेच तेच पदार्थ खातात, त्यामुळे ज्या ॲपला आपली ही पुनरावृत्ती ओळखता येते त्यात दुसऱ्या महिन्यापासून काम निम्म्यावर येते. मी वापरलेल्या एका ॲपमध्ये मात्र प्रत्येक नोंदीनंतर जाहिरात पूर्ण पाहावी लागत असे. काही क्षणांचाच तो अडथळा, पण दिवसातून अनेक वेळा येणारा असल्यामुळे नोंद पुढे ढकलण्याची सवय त्यातूनच लागते, आणि पुढे ढकललेली नोंद सहसा राहूनच जाते.

दुसरा मुद्दा माहितीसाठ्याचा. ॲपमध्ये पदार्थ शोधल्यावर एकाच नावाच्या अनेक नोंदी समोर येतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हा अनुभव जवळपास प्रत्येकाला येतो. मायफिटनेसपालसारख्या मोठ्या ॲपचा प्रचंड माहितीसाठा बऱ्याच अंशी वापरकर्त्यांनी भरलेला आहे. त्यामुळे तिथे जवळपास काहीही सापडते, मात्र सापडलेले तपासून घ्यावे लागते. क्रोनोमीटर हे ॲप प्रत्येक नोंदीचा स्रोत दाखवते आणि अमेरिकी कृषी विभाग किंवा मिनेसोटा विद्यापीठ यांच्या पोषणसारण्यांवर भर देते. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचाही हिशेब ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी ते मला अधिक विश्वसनीय वाटते. कोणतेही ॲप वापरले तरी दोन ठिकाणी विशेष जपावे. पहिले म्हणजे कच्च्या आणि शिजलेल्या पदार्थांतला फरक. 100 ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे 360 कॅलरी असतात, तर 100 ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 130, कारण उरलेले वजन पाण्याचे असते. चुकीची नोंद निवडली गेली तर हिशेब जवळजवळ तिपटीने चुकतो. दुसरे म्हणजे तेल. जेवणाच्या मोठ्या चमचाभर तेलात सुमारे 120 कॅलरी असतात आणि शिजलेल्या पदार्थात ते डोळ्यांना दिसत नाही. याच कारणामुळे ताटाच्या छायाचित्रावरून कॅलरी सांगणाऱ्या नव्या सुविधांवर मी अजून विसंबत नाही. पदार्थ कोणता हे त्या बहुधा ओळखतात, परंतु भांड्यात किती तेल पडले हे छायाचित्राला कळू शकत नाही.

अचूकतेबद्दल आणखी एक गोष्ट समजून घेतली तर नोंद ठेवणे पुष्कळ हलके होते. वेष्टनावरचा कॅलरींचा आकडा हाच मुळात अंदाज असतो. प्रथिने आणि कर्बोदके यांना प्रत्येकी ग्रॅमला 4 आणि स्निग्ध पदार्थांना ग्रॅमला 9 कॅलरी हे गुणक विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या संशोधनातून आले आहेत आणि ते सरासरीने लागू पडतात, प्रत्येक पदार्थाला तंतोतंत नाही. अमेरिकी कृषी विभागाच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले की 28 ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला प्रत्यक्षात सुमारे 129 कॅलरी मिळतात, तर प्रचलित हिशेबाने हा आकडा 170 च्या आसपास येतो, कारण बदामातली काही स्निग्धता पचनातून तशीच निसटते. अमेरिकेच्या नियमांनुसार तर वेष्टनावरील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष कॅलरी 20 टक्क्यांपर्यंत अधिक निघाल्या तरी ते चालते. अशा परिस्थितीत एका चमच्याच्या नोंदीवरून चिंता करणे व्यर्थ आहे. चूक रोज साधारण सारखीच होत असेल तर तिच्यामुळे आठवड्यांची तुलना बिघडत नाही. बिघडते ती काही दिवस सगळे टिपून आणि काही दिवस जेवणांमधले खाणे गाळून. आपण काय गाळतो याचे भान माणसाला फारच कमी असते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, आहार कमी करूनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींनी आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी नोंदवले होते. त्यांना खोटे ठरवण्यासाठी हा दाखला मी देत नाही. स्मरणावर सोडलेला आहार किती विसरला जातो, हे त्यातून दिसते आणि नोंदीची गरजही तिथेच सिद्ध होते.

ॲप सुरुवातीला देते ते रोजचे लक्ष्य मात्र मी कधीच अंतिम मानत नाही. वजन, उंची, वय आणि लिंग यांवरून विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या कॅलरींचे गणित करणारी 1990 मधली मिफ्लिन–सेंट जोर सूत्रे अनेक ॲप्स वापरतात आणि ती चांगली आहेत, पण एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत त्यांचा अंदाज 10 टक्के चुकणे ही सामान्य बाब आहे. शिवाय वजन उतरते तशी गरजही बदलते: केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनंदिन खर्च सुमारे 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे 100 कॅलरींनी वाढते. दहा किलो वजन उतरवलेल्या माणसाला रोज किती ओढ सहन करावी लागते, याचा विचार केला म्हणजे वजन परत येण्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे किती अन्यायाचे आहे ते कळते. या बदलाची दखल घेणारी रचना मला सर्वांत मोलाची वाटते. मॅक्रोफॅक्टरसारखी ॲप्स आपलीच अन्ननोंद आणि वजन यांवरून खर्चाचा अंदाज सतत सुधारत राहतात. ही सोय नसलेल्या ॲपमध्ये दर महिन्याला आपण स्वतः सरासरी तपासून लक्ष्य बदलावे लागते. व्यायामात जळालेल्या कॅलरी आपोआप परत जमा करणारी सुविधा मात्र बंदच ठेवावी. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा ऊर्जाखर्चाच्या बाबतीत त्यांतल्या सर्वांत अचूक उपकरणाचाही अंदाज सरासरी 27 टक्क्यांनी चुकला होता.

वजनाचा आलेख रोजच्या आकड्यांऐवजी सरासरीची रेषा दाखवतो की नाही, हेही पाहावे. शरीरात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे कर्बोदकांच्या साठ्याबरोबर, सुमारे 3 ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे एका भरपेट मेजवानीनंतर काटा किलोभर पुढे सरकू शकतो आणि त्यात चरबी नगण्य असते. ज्यांना केवळ कालचा आणि आजचा आकडा दिसतो, ते अशा सकाळीच प्रयत्न सोडून देतात.

आता मुख्य निकषाकडे येते. सलग किती दिवस नोंद केली याचा आकडा मिरवणारी आणि एक दिवस चुकताच तो शून्यावर आणणारी रचना दीर्घकाळाच्या वापरासाठी मला घातक वाटते. सुरुवातीला तिच्यामुळे जोर येतो हे खरे आहे, परंतु वर्षांच्या हिशेबात नोंद चुकणे अटळ आहे, आणि चुकल्यावर साठवलेले सारे गेले अशी भावना निर्माण झाली की माणूस ॲप उघडणेच टाळतो. मर्यादा ओलांडली की आकडा लाल करणे हाही त्याच जातीचा दोष होय. त्यापेक्षा आठवड्याची एकत्रित बेरीज दाखवणारी, रिकाम्या दिवसांना उपवास न समजता सरासरीतून वगळणारी आणि खंडानंतर कोणताही प्रश्न न विचारता आजचे पान उघडणारी ॲप्स मला कितीतरी पटींनी सरस वाटली. वाचकांना माझी सूचना अशी, की चाचणीच्या काळात मुद्दाम तीन दिवस नोंद बंद ठेवावी आणि परतल्यावर ॲप कसे वागते ते पाहूनच वर्गणी भरावी. आपल्या नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का, हेही त्याच वेळी तपासावे; वर्षांची माहिती एका कंपनीत अडकून पडणे योग्य नाही.

काही जणांनी ही ॲप्स वापरूच नयेत, आणि हे मी गांभीर्याने लिहीत आहे. खाण्याच्या विकाराचे निदान झालेल्या 105 जणांच्या एका अभ्यासात बहुसंख्यांनी कॅलरी मोजणारे ॲप वापरलेले होते आणि त्या वापरकर्त्यांपैकी 73 टक्क्यांनी आपल्या विकाराला त्याचा हातभार लागल्याचे सांगितले. नोंद न करता जेवणे अशक्य वाटू लागले, आकड्यांमुळे इतरांबरोबर जेवणे टाळले जाऊ लागले किंवा भूक असूनही केवळ मर्यादा संपली म्हणून उपाशी राहण्याची वेळ आली, तर ॲप काढून टाकून वैद्यकीय सल्ला घ्यावा. असा पूर्वेतिहास असणाऱ्यांसाठी कोणतेही ॲप मी सुचवणार नाही.

इतरांसाठी उरतो तो वजन टिकवण्याचा टप्पा, आणि तिथे ही सारी ॲप्स अपुरी पडतात. त्यांची रचना रोज नोंद करणारा किंवा सोडून गेलेला अशा दोनच प्रकारच्या माणसांसाठी केलेली दिसते. मला उपयोगी पडलेली पद्धत या दोहोंच्या मधली आहे: महिन्यातून एक आठवडा पूर्ण नोंद, उरलेल्या दिवसांत केवळ वजन, आणि वजनाची सरासरी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा दोन किलो वर गेली की पुन्हा रोजची नोंद. अमेरिकेत 1994 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय वजन नियंत्रण नोंदणीत किमान 13.6 किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवणाऱ्यांची माहिती ठेवली जाते. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, म्हणजे त्यांची देखरेख सैल झालेली असली तरी थांबलेली नसते. असे अधूनमधून नोंद करण्याचे वेळापत्रक, वजन ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर येणारी शांत सूचना आणि मधल्या रिकाम्या आठवड्यांबद्दल संपूर्ण मौन, एवढी सोय मी वापरलेल्या एकाही ॲपमध्ये एकत्र मिळाली नाही. सध्या ती मला फोनच्या दिनदर्शिकेत स्मरणसूचना लावून करावी लागते, आणि ज्या ॲपमध्ये ती अंगभूत येईल त्याची वर्गणी मी आनंदाने भरेन.